चौथ्या मजल्यावरचे रविवार

दार उघडल्यावर त्या "या, बसा" कधी म्हणायच्या नाहीत. आधी तुमचे हात बघायच्या, पुढून आणि मागून. मग बेसिनकडे बोट दाखवायच्या. हात धुऊन आलात की तळव्यावर मैद्याचा एक फुगलेला गोळा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "ज्याचं त्याने."

एवढंच. पाहुणा कोणी का असेना. समोरच्या ब्लॉकमधले सरदारजी असोत, नुकतेच दात पडलेली पोर असो, नाहीतर काठी टेकत आलेला माझ्यासारखा म्हातारा. गोळा घ्या, लाटा, वर काय हवं ते पसरा, भाजायला द्या आणि खा. याला त्या पाहुणचार म्हणायच्या.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सगळ्यांना आवडतात, आणि का आवडतात ते आपल्याला काही केल्या कळत नाही. मला या बाईंचा हेवा वाटायचा. लपवत नाही. त्यांचं नाव मात्र मी लिहिणार नाही. आमच्या घरात ते पुष्कळ घेतलं गेलंय.

मी सहावीपर्यंत शिकलेला माणूस. सरकारी छापखान्यात बाइंडिंगला लागलो आणि तिथूनच रिटायर झालो. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं शिवलं आणि चिकटवलं. आता स्वतः लिहितोय, तर कोणी चुका काढत बसू नये. मयूर विहारची आमची सोसायटी सरकारी नोकरांनी मिळून उभी केलेली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. त्या बाई केंद्र सरकारच्या मंत्रालयातून रिटायर झाल्यावर चौथ्या मजल्यावर आल्या. यजमान वारलेले, मुलगा फरीदाबादला कारखान्यात इंजिनिअर. घरात एकट्याच.

त्या येण्याआधी आमच्या जिन्यात जेवायला बोलावणारं घर एकच होतं. आमचं. होळीला पुरणपोळी. हॉलमधलं सगळं सामान गॅलरीत जायचं, चादरी अंथरायच्या, समोरासमोर दोन रांगा. पंजाबी, बंगाली, गढवाली, सगळे मांडी घालून. आमची मंडळी आत लाटायची आणि मी बाहेर वाढायचो. तुपाचं भांडं माझ्या हातात, दुसऱ्या कुणाच्या नाही. "अजून एक. घ्याच. नाही म्हणायचं काम नाही." कोणी ताटावर हात आडवा धरला, तर बोटांच्या फटीतून तूप सोडणारा माणूस मी. पाहुण्याने स्वतः उठून पाणी घेतलं तर मला ती शिवी वाटायची. सोसायटीत मला "पुरणपोलीवाले अंकल" म्हणत. म्हणजे काय ते समजून घ्या.

आणि एक दिवस इंटरकॉम वाजला. "रविवारी साडेअकराला पिझ्झा. तिघं-चौघं, घरात असतील तेवढे सगळे या. पोळपाट-लाटणं आपापलं आणा."

मी म्हटलं, "अगं, ऐकलंस? पोळपाट आणा! पुढच्या वेळी म्हणतील गॅससुद्धा आणा."

 तिने पोळपाट घासून, पुसून, जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवला.

त्या रविवारी मी दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसलो. जिन्यातून लोक वर चालले होते, काखेत पोळपाट. सरदारजींचा चकला तर आमच्या दोन पोळपाटांएवढा. "अंकल जी, आप नहीं चल रहे?" मी म्हटलं, "पेट ठीक नहीं." पोट उत्तम होतं. सून गेली, नात गेली, आणि सगळ्यांच्या मागून पदर खोचून आमची मंडळीही गेली. मुलगा नोएडाला ऑफिसात होता म्हणून, नाहीतर तोही गेला असता. मी एकट्याने सकाळची पोळी खाल्ली.

तिसऱ्या रविवारी मात्र गेलो. जेवायला नाही, बघायला. बघितल्याशिवाय नावं कशी ठेवणार?

टेबलावर स्टीलचे डबे ओळीने उघडे. किसलेलं चीज, टोमॅटोचा लाल सॉस, मक्याचे दाणे, पनीर, कांदा, ढोबळी मिरची, जिला इथे शिमला म्हणतात, हिरव्या मिरच्या, आणि कसल्याशा काळ्या खारट चकत्या. खाली जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून मुलं बसलेली. टेबलाशी मोठी माणसं. ओट्यावर दोन ओव्हन, एक त्यांचा, एक सरदारजींच्या घरून आणलेला. आणि यजमानीण कुठे? ओव्हनसमोर वेताच्या खुर्चीत, हात मांडीवर ठेवून, काचेतून आत बघत बसलेली!

मला राहवलं नाही. "बाई, पाहुण्यांना राबवता आणि आपण बसता. हे बरं दिसतं का?"

"दिसायला कशाला हवंय? खायला हवंय," त्या म्हणाल्या आणि माझ्या तळव्यावर गोळा ठेवला. "चला. ज्याचं त्याने."

तळमजल्यावरच्या बंगाली कुटुंबातली एक आजी तिथे होती. तिचे हात कापायचे. चीजची चिमूट डब्यातून पिझ्झ्यापर्यंत येईतो अर्धं चीज टेबलावर. सून मदतीला वाकली, तर बाईंनी तिच्या मनगटावर हलकीच चापट मारली. "हात मागे. उनका पिझ्झा है." ओव्हन तापून थांबलेला. मुलं भुकेने ओरडतायत. पण त्या आजीचं होईपर्यंत कोणाचाच पिझ्झा आत गेला नाही. शेवटी तो गेला. आकार कसा, तर आसामच्या नकाशासारखा. आजीने तो दोन्ही हातांनी उचलून खाल्ला आणि कोणालाही तुकडा दिला नाही. मी मनात म्हटलं, आमच्या पंगतीत हीच आजी अर्धी पोळी ताटात टाकून उठते.

आता माझ्या हातात गोळा होता आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मला पोळी लाटता येत नाही. पण थालीपीठ मी थापतो. छापखान्याच्या क्वार्टरमध्ये एकटा होतो तेव्हापासून. तेव्हा मी बोटं पाण्यात बुडवली, ओल्या फडक्यावर गोळा थापला आणि सवयीने मधे एक, भोवती चार, अशी भोकं पाडली. वर सॉस, वर चीज. रीतसर.

ओव्हनमध्ये काही वेळाने छर्र आवाज झाला. सॉस आणि चीज भोकांतून खालच्या तारेवर आणि तिथून तापलेल्या पत्र्यावर. धूर! सरदारजींनी खिडक्या उघडल्या, मुलं नाचायला लागली, नात डोळे चोळत ओरडली, "आजोबा, तुम्ही होल का केले?"

"तेल सोडायला!" मी म्हटलं. "भोकांशिवाय तेल खाली कसं जाणार?"

त्या बाई हसल्या. खुर्चीचे हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला वाटलं आता उठावं आणि चालू पडावं. पण त्यांनी तो पिझ्झा चिमट्याने काढला, ताटलीत घातला, आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "तुमचा आहे. संपवा." संपवला. खालून कुरकुरीत झाला होता. दुसऱ्या कोणाचा झाला नव्हता.

पुढच्या रविवारी सगळी मुलं भोकं पाडत होती, छोटी, आरपार न जाणारी. "दादाजी वाला पिझ्झा." पण हे कुठे प्रसिद्ध झालं? चौथ्या मजल्यावर. भोकं माझी आणि नाव त्यांच्या पार्टीचं.

हेही मी सोसलं असतं. पण त्याच रविवारी त्या ओव्हनपाशी बसल्या बसल्या मागे न बघता म्हणाल्या, "कुसुम, तुझा करपवू ना नेहमीसारखा?"

कुसुम म्हणजे आमची मंडळी. लग्न झाल्यापासून मी तिला "अगं" म्हणतो, सून "आई", नात "आजी", बिल्डिंग "आंटी". इथे लिहितोय म्हणून नाव लिहितोय, तोंडाने मी ते कधी घेतलेलं नाही. आणि ही बाई घेते, तेही पाठमोरी बसून!

"हो ताई, अजून थोडा," कुसुम म्हणाली.

मी तिच्या ताटलीत बघितलं. चीज जवळजवळ नाहीच. वर हिरव्या मिरच्यांचे तुकडे, इतके की खालचा सॉस दिसेना. कडा काळ्या. आणि ती तो गरम गरम, सगळ्यांच्या आधी, पाय पसरून बसून खात होती. आमच्या घरात फिकं वरण, मऊ भात, मिरची न घातलेली भाजी. माझं पोट तसं आहे. ती तेच खाते, तेही सगळ्यांचं झाल्यावर, म्हणून मला वाटायचं तिचीही आवड तीच.

खाली आल्यावर मी म्हटलं, "तिखट एवढं आवडतं तुला?"

"तुम्हाला सोसत नाही ना," ती म्हणाली आणि पोळपाट धुवायला गेली.

"नेहमीसारखा!" त्या शब्दाने माझं डोकं फिरलं होतं. चार-पाच रविवारांत "नेहमीसारखा" होतो काय? दुसऱ्या दिवशी मी हट्टाने वरणभाताबरोबर दोन हिरव्या मिरच्या चावून खाल्ल्या. पुढचं लिहीत नाही.

एकदा जिन्यात गाठून त्यांना विचारलंच. "हे ज्याचं त्याने तुम्हाला सुचलं कुठून?"

भाजीची पिशवी पायरीवर टेकवून त्या म्हणाल्या, "आमच्याकडे ह्यांच्या ऑफिसातल्या लोकांच्या पंगती उठायच्या. हे तुमच्यासारखेच, आग्रह करकरून वाढायचे. हे गेल्यावर पहिल्यांदा माझ्या एकटीपुरती भाजी आणायला बाजारात गेले. तासभर फिरले आणि रिकामी पिशवी घेऊन परत आले. मला काय हवंय तेच आठवेना." मग पिशवी उचलून म्हणाल्या, "तुमच्या पुरणपोळीचं खूप ऐकते हो. होळीला येणार मी."

होळी त्या वर्षी रविवारी आली.

आता बघा पंचाईत. सकाळी त्यांचा पिझ्झा, सकाळीच माझी पंगत. कुसुम म्हणाली, "ताईंना सांगू का, पुढच्या रविवारी करा म्हणून? त्या लगेच ऐकतील." मी म्हटलं, "अजिबात नाही. ज्याला यायचं तो येईल." मला बघायचंच होतं कोण कुठे जातं ते. खालच्या मजल्यावरच्या एका पोराने तर तोंडावर विचारलं, "अंकल, आपके यहाँ अपना-अपना बनाने को मिलेगा?" मी म्हटलं, "हमारे यहाँ मेहमान काम नहीं करते." तो "अच्छा" म्हणाला. पण कसा म्हणाला, ते मी ऐकलं.

रविवारी चादरी अंथरल्या, केळीची पानं मांडली, नवा सदरा घातला. साडेअकरा झाले. जिन्यात कोणी नाही. मी दार उघडं ठेवून उभा. आतून पुरणाचा वास येतोय आणि पानं कोरडी. कुसुम आतून दोनदा डोकावून गेली. त्या वेळी त्या बाईंना मी मनात काय काय म्हटलं ते कागदावर येणार नाही.

मग वरून पावलं वाजली. पुष्कळ. सगळ्यांच्या पुढे त्या, मागे अख्खा चौथा मजला. सरदारजी, बंगाली आजी, तिची सून, मुलं, आणि प्रत्येकाच्या काखेत पोळपाट.

"पिझ्झा रद्द," त्या म्हणाल्या. "कुसुम एकटी किती जणांचं लाटणार? सरका."

"आमच्याकडे पाहुणे..." मी सुरू केलं.

"कळलं. पण ती कुठे पाहुणी आहे? सगळं काम तिलाच. म्हणूनच तर आलो."

मी सरकलो नाही. दारात तसाच उभा राहिलो. त्या माझ्या बगलेखालून आत गेल्या आणि बाकीचे त्यांच्या मागून.

पुढे जे झालं त्याला पुरणपोळी म्हणता येत नाही. पुरण फाटून बाहेर, तव्याला चिकटलेलं, पोळपाटाला, सरदारजींच्या दाढीला. कुसुम आधी घाबरून इकडेतिकडे करत होती. मग त्या बाईंनी तिला खांदे धरून स्टुलावर बसवलं आणि सगळे तिला विचारायला लागले, "आंटी, ऐसे?" "आंटी, ये फट गया!" ती बसून सांगत होती. हातवारे करून, मोठ्याने, हिंदीतून. तिची हिंदी इतकी चांगली आहे हे मला माहीत नव्हतं. मी तुपाचं भांडं घेऊन पंगतीत उभा होतो आणि पंगतीत कोणीच नव्हतं. सगळे स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या खात होते. तूप वाढायला मला तिथे आत जावं लागलं, गर्दीतून, "ज़रा हटना, ज़रा हटना" करत.

सगळे म्हणाले, अशी होळी झाली नव्हती. मीही तेच म्हणतो. फक्त माझ्या म्हणण्याचा अर्थ वेगळा.

त्यानंतर बरीच वर्षं असंच चाललं. रविवार त्यांचे, होळी नावाला माझी. मग एका पावसाळ्यात त्या जिन्यात घसरल्या, कंबरेचं हाड मोडलं, आणि मुलगा येऊन त्यांना फरीदाबादला घेऊन गेला. फ्लॅट भाड्याने गेला. मला वाटलं, चला, आता रविवार आपले. पण रविवारी कुसुम पोळपाट काढायची, पुसायची आणि परत ठेवायची. लोक जिन्यात भेटले की मला विचारायचे, "अंकल, मॅडम की कोई ख़बर?" त्या इथे नसून माझ्या घरात जास्तच आल्या.

शेवटी आम्ही मेट्रो बदलून त्यांना भेटायला गेलो. मुलाचं घर मोठं, चकचकीत. सून मोठ्या मनाची, हे मी कबूल करतो. तिला कोणीतरी सांगितलं होतं की माँजींना पिझ्झा आवडतो, म्हणून तिने बाहेरून मागवला होता. खोक्यातला, कापलेला, वर भरपूर कांदा. बाई खुर्चीत, पायांवर शाल. सून प्रत्येकाच्या ताटलीत वाढत होती आणि मनापासून म्हणत होती, "लीजिए ना, एक और. माँजी, आपने तो कुछ लिया ही नहीं." बाईंनी ताटलीवर हात आडवा धरला, तर सुनेने हसत तो बाजूला करून अजून एक तुकडा ठेवला.

तो हात बाजूला करण्याची तऱ्हा अगदी माझी होती. कुठे शिकली कोण जाणे.

कुसुम दुसऱ्यांच्या घरी तोंड उघडत नाही. पण ती म्हणाली, "बेटा, ताई को प्याज़ नहीं चलता."

सून बिचारी ओशाळली. बाईंनी तुकडा उचलला. "असू दे गं कुसुम," त्या म्हणाल्या. "चालतो आता."

आणि खाल्ला. सगळा, कांद्यासकट. मी बघत होतो. इतकी वर्षं ज्या बाईचा हेवा केला, तिच्यात आता हेवा करण्यासारखं काही दिसेना. मला ते बिलकुल आवडलं नाही.

निघताना मी म्हटलं, "बऱ्या झालात की आमच्याकडे या. करू काहीतरी. पोळपाट आहेत घरात." त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तुम्ही हात लावू द्याल?" मी म्हटलं, "बघू."

आल्या नाहीत. थंडीत एका सकाळी सुनेचा फोन आला. फोन कुसुमने घेतला. "हां बेटा, हां बेटा," एवढंच म्हणाली. फोन ठेवला आणि सरळ न्हाणीघरात गेली. आतून पाण्याचा आवाज येत राहिला. बराच वेळ. बाहेर आली तर केस ओले, पाठीवर सोडलेले.

आपल्याकडे नात्यातलं कोणी गेलं की डोक्यावरून आंघोळ करतात. नात्यातलं. शेजारच्यांसाठी करत नाहीत. बहिणीसाठी करतात, जावेसाठी करतात. तुझं नातं कोणतं, असं विचारायचं अगदी जिभेवर आलं होतं माझ्या. आणि मी गेलो तर एवढा वेळ नळ सोडून बसशील का, तेही.

तिने माझा टॉवेल दोरीवरून काढून माझ्या हातात दिला.

"तुमचंही पाणी काढलंय," ती म्हणाली.

मी टॉवेल खांद्यावर टाकला. मग आत गेलो, आणि पहिला तांब्या डोक्यावरून घेतला.